सहल: रविवारी विंडसरचं चॅपल बंद, बस तर ठरली

प्रेषक: सहल समिती

मंडळी, तातडीचं आहे. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, विंडसरचा किल्ला उघडा आहे, पण आतलं सेंट जॉर्जेस चॅपल रविवारी फक्त प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी असतं. म्हणजे आठवा हेन्री, पहिला चार्ल्स, दुसरी एलिझाबेथ, ज्यांची थडगी बघायला निघालो ते सगळे बंद दाराआड. शनिवारी हॉलवर आपलाच कार्यक्रम. मंगळवार-बुधवारी किल्लाच बंद. बसवाला तारीख बदलायला तयार नाही. उद्या रात्रीपर्यंत दुसरं ठिकाण सुचवा.

प्रेषक: बापू (खजिनदार)

अनामत परत मिळणार नाही, हे आधीच सांगतो. तारीख तीच, बस तीच. आणि विंडसरचं तिकीट माणशी तीस पौंडांच्या घरात जातं, ते मंडळ भरणार नाही.

प्रेषक: नाना

मग वेस्टमिन्स्टर ॲबी. विंडसरपेक्षा जास्त राजे तिथे आहेत, एडवर्ड द कन्फेसरपासून दुसऱ्या जॉर्जपर्यंत. १७६० मध्ये हा जॉर्ज गेला, त्यानंतर तिथे एकही राजा पुरला नाही. त्याने सांगून ठेवलं होतं की माझी आणि राणी कॅरोलाइनची शवपेटी शेजारी ठेवा आणि मधल्या बाजूच्या फळ्या काढून टाका, म्हणजे दोघांची माती एक होईल. आमच्या हिला हे वाचून दाखवलं, तर म्हणाली, आधी डिशवॉशर रिकामा करा.

प्रेषक: सहल समिती

नाना, ॲबीही रविवारी पर्यटकांना बंद.

प्रेषक: माई, लेस्टर

आपल्या दारात राजा असताना लंडनकडे का पळायचं? तिसरा रिचर्ड २०१२ मध्ये इथल्या कार पार्कखाली सापडला. त्याला यॉर्कलाच पुरा म्हणणारे कोर्टात गेले होते, २०१४ मध्ये हायकोर्टाने त्यांचा अर्ज फेटाळला. मार्च २०१५ मध्ये पुन्हा दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या दर्शनाला मी रांगेत उभी होते. पुढे एक आजी आपल्या बागेतले पांढरे गुलाब घेऊन आल्या होत्या. थडग्याच्या काळ्या चौथऱ्यावरचा तो फिकट दगड वाकून नीट बघा, आत कोट्यवधी वर्षांपूर्वीचे समुद्रातले जीव दिसतात. कॅथीड्रलला तिकीटही नाही. बापूंना आवडेल.

प्रेषक: दादा, नॉर्थहॅम्प्टन

माई, रिचर्ड बघून झाला हो. भारतातून कोणी आलं की त्याला आम्ही तिथेच आणतो. बस करून लेस्टरला जायचं, तर लेस्टरच्या लोकांनी काय करायचं, घरून चालत यायचं?

प्रेषक: माई, लेस्टर

चालत यायला काय हरकत आहे? वैशाख सहलीला आम्ही नॉर्थहॅम्प्टनपर्यंत येऊन बसमध्ये चढलो होतो, ते विसरलात वाटतं.

प्रेषक: अण्णा

भांडू नका. वूस्टर आणि ग्लॉस्टर, दोन्ही एका दिवसात होतात, एम-५ महामार्गावर अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर आहे. वूस्टरला जॉन. तोच तो मॅग्ना कार्टावाला, म्हणजे राजाच्या अधिकाराला लगाम घालणारी सनद ज्याला मान्य करावी लागली तो. १२१६ मध्ये नेवार्कला मेला, पण त्याला वूस्टरच्या संत वुल्फस्टनजवळ जागा हवी होती, म्हणून इथवर आणला. वेदीसमोर काळपट दगडात पहुडलेला आहे, डोक्याशी दोन छोटे बिशप आणि पायाशी सिंह, आणि तो सिंह चक्क राजाच्या तलवारीचं टोक दातांत धरून बसलाय! मुकुटावर खड्यांच्या जागा आहेत, खडे केव्हाच गेले. ग्लॉस्टरला दुसरा एडवर्ड. १३२७ मध्ये बर्कलीच्या किल्ल्यात त्याचा अंत झाला. तो खून होता की नाही यावर इतिहासकार अजून भांडतात, आपल्या मंडळासारखेच. मुलाने, म्हणजे तिसऱ्या एडवर्डने, वर संगमरवरासारख्या गुळगुळीत अलाबास्टरची मूर्ती केली. गादीवरून उतरवलेल्या बापाच्या थडग्याला लोक नवस बोलायला येऊ लागले, हे मला आजही अजब वाटतं. तिथला ओवरीवजा क्लॉइस्टरही बघण्यासारखा आहे, छत पंख्यासारखं कोरलेलं. लहान मुलं घोड्यासारखी उधळतात, आधीच सांगून ठेवा.

दोन्हीकडे प्रवेशाचं तिकीट नाही, पेटीत ऐच्छिक देणगी. रविवारी सकाळची मोठी प्रार्थना संपल्यावर जायचं. ग्लॉस्टरला दुपारी इव्हनसाँग, म्हणजे गायली जाणारी सायंप्रार्थना असते, त्या वेळी फिरता येत नाही, बसून ऐकता येतं.

प्रेषक: वहिनी

राजे, राजे आणि राजे. राण्यांचं काय? पीटरबरोला ॲरागॉनची कॅथरीन आहे. नवऱ्याने, आठव्या हेन्रीने, तिला १५३६ मध्ये राणी म्हणूनही पुरू दिलं नाही, थोरल्या भावाची विधवा म्हणून पुरलं. आज थडग्यावर ‘इंग्लंडची राणी’ असं ठसठशीत लिहिलंय, आणि लोक तिथे डाळिंबं ठेवून जातात, तिचं चिन्ह म्हणून. आणि ब्रागांझाची कॅथरीन तर आपल्याच जवळची. १६६१ च्या लग्नकरारात मुंबई आंदण आली ती हिच्यामुळे. नवरा दुसरा चार्ल्स ॲबीत, धड स्मारकही नाही त्याला. ही मात्र विधवा झाल्यावर माहेरी परतली, १७०५ मध्ये गेली, लिस्बनच्या साओ व्हिसेंते दि फोरामध्ये आहे.

प्रेषक: नाना

आणि १६६८ मध्ये त्याच चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली!

प्रेषक: बापू (खजिनदार)

दहा पौंडांत आपल्याला हॉलची एक कोपऱ्यातली खोलीही तासभर मिळत नाही. शिवाय कोजागिरीच्या दुधाच्या पातेल्याचे पैसे अजून आलेले नाहीत, ज्यांनी नेलं त्यांना माहीत आहे.

प्रेषक: दादा, नॉर्थहॅम्प्टन

पातेलं आमच्याकडे नाही.

प्रेषक: माधवभाऊंची कन्या, युवा विभाग

फ्रान्सची सहल काढा ना मग. दुसरा हेन्री, त्याची राणी एलिनॉर आणि मुलगा रिचर्ड द लायनहार्ट फाँतव्रोमध्ये, विल्यम द काँकरर काँमध्ये, आणि त्याचं फक्त मांडीचं एक हाड उरलंय म्हणे. पहिला जॉर्ज तर जर्मनीत, हॅनोव्हरला.

प्रेषक: बापू (खजिनदार)

व्हिसा काढायची कटकट तुमच्या आईबाबांना विचारा.

प्रेषक: सहल समिती

अण्णांचं वूस्टर-ग्लॉस्टर नक्की. बसवाल्याला कळवलं. लेस्टरहून साडेआठला निघायचं, माई आता पहिल्या थांब्यावर आहेत. नॉर्थहॅम्प्टनकरांनी कोव्हेंट्रीला गाठायचं. दशम्या आणि लिंबाचं लोणचं मंडळाकडून, बाकी डबा आपापला. कॅथीड्रलच्या आत खाऊ नका, मागच्या खेपेला चकलीचे तुकडे वेचावे लागले.

प्रेषक: दादा, नॉर्थहॅम्प्टन

कोव्हेंट्रीला गाड्या कुठे लावायच्या?

प्रेषक: वहिनी

पीटरबरोला जानेवारीच्या शेवटी कॅथरीनचा महोत्सव असतो. तेव्हा राणीकडे जाऊ. नावं मी आत्तापासून घेते.

प्रेषक: बापू (खजिनदार)

वहिनी, नावांची यादी खजिनदाराकडे असते. मला पाठवा. दादा, गाड्यांचं मी विचारतो.