चाकणची नोकरी सोडून माण तालुक्यात दहा गाईंचा गोठा टाकावा का?

माणदेशी_पोरगा
नमस्कार मंडळी. आमचं गाव म्हसवडपासून आठ किलोमीटरवर. अडीच एकर रान, विहिरीला मार्चपर्यंत पाणी. मी चाकणला कंपनीत कंत्राटावर आहे. हातात १९ हजार पडतात, त्यातले सात खोली आणि खानावळीत जातात. आई-वडील आणि बायको गावी. घरी एक जर्सी गाय आणि एक कालवड, सगळं आईच बघते. २०१९ च्या दुष्काळात आमची जनावरं म्हसवडच्या चारा छावणीत होती. तेव्हा मी आईबरोबर तीन महिने तिथंच मुक्कामाला होतो, त्यामुळं जनावराचं काम मला नवीन नाही.

बँकेचं कर्ज काढून दहा एचएफ (होल्स्टीन जातीच्या, जास्त दूध देणाऱ्या) गाई आणायचा विचार आहे. विकणारा म्हणतो एकेक गाय दिवसाला २५ लिटर देते. दहा गाईंचे २५० लिटर, ३२ रुपये दर, म्हणजे रोजचे ८ हजार. निम्मा खर्च धरला तरी आत्ताच्या पगाराच्या सहापट होतात. माझं कुठं चुकतंय का? बायको म्हणते घाई करू नका.

वहीवाली_फलटण
दादा, बायकोचं ऐका. गोठा करू नका असं मी म्हणणार नाही, माझं घर गोठ्यावरच उभं आहे. पण हिशेब चुकलाय.

मी फलटण तालुक्यातली. दीड एकर रान. २००९ ला माहेरहून एक कालवड मिळाली, तिच्यापासून सुरुवात. आज चार गाई आणि दोन कालवडी आहेत, त्यातली एकही बाजारातून आणलेली नाही. २०११ पासून रोजचं दूध, पेंड, माजाची तारीख, भरवल्याची (रेतन केल्याची) तारीख सगळं वहीत लिहिते. आता सहावी वही चालू आहे.

गाय २५ लिटर देते ती तिच्या भरातल्या महिन्यात. व्याल्यावर दुसऱ्या महिन्यात दूध चढतं, सहाव्यापर्यंत १५ वर येतं, आठव्यात १०. पुढच्या विण्याआधी दोन महिने तिला आटवावीच लागते, नाहीतर पुढचं वेत (विणं आणि त्यानंतरचं दूध) वाया जातं. आमच्याकडं चांगल्या गाईची दुभत्या दिवसांची सरासरी १६ पडते.

आता वहीतला एक दिवस सांगते. १६ लिटरचे ५१२ रुपये. पेंड सात किलो, २२४ रुपये. ओला-सुका चारा १४०, घरचा असला तरी मी त्याला किंमत लावते. खनिज मिश्रण, औषध, विमा मिळून २०. राहिले १२८. आटलेली गाय दोन किलो पेंड आणि चारा मिळून १७४ रुपये खाते आणि देत काहीच नाही. चारांत तीन दुभत्या आणि एक आटलेली धरली तर सगळ्या गोठ्याचे दिवसाला २१० उरतात, महिन्याला ६,३००. यात माझी मजुरी धरलेली नाही. चारा घरचा आहे म्हणून बियाणं-खत वजा जाऊन हातात सतरा-अठरा हजार खेळतात. तुम्ही चारा विकत घेतलात तर तेच पैसे चारा विकणाऱ्याच्या घरी जातील.

खरा तोटा माजात होतो. गाय २१ दिवसांनी माजावर येते आणि तो माज कधी कधी रात्रीतच येऊन जातो. मी पहाटे साडेतीनला बॅटरी घेऊन गोठ्यात जाते. सगळ्या बसून रवंथ करत असतात आणि एकच उभी असते, कान टवकारलेले, शेपटीला काचेसारखा सोट (माजाचा चिकट स्राव) चिकटलेला. तिथंच वहीत वेळ लिहायची आणि सकाळी डॉक्टरांना फोन करायचा. २०१४ ला घरात लग्न होतं, त्या गडबडीत लालीचे तीन माज हातचे गेले. ६३ दिवस. तिच्या त्या पानावर आजही लाल रेघ आहे. एक माज चुकला की आटलेल्या गाईचे २१ दिवस पदरचे घालायचे, म्हणजे साडेतीन हजारांच्या वर. दहा गाईंचे माज बघणारा माणूस तुमच्या घरात कोण आहे ते आधी ठरवा.

आता जे सांगायला मी लिहायला बसले ते. डेअरीचं कार्ड कुणाच्या नावावर आहे? आमच्याकडं दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. सात वर्षं धार मी काढली, शेण मी काढलं आणि पगार मामंजींच्या नावावर. ते वाईट नव्हते. पण पैसा हातात आला की बी-बियाणं, सोसायटीचा हप्ता, पाहुणेरावळे यांत जायचा आणि पेंडीचं पोतं चार दिवस उशिरा यायचं. ते चार दिवस मला सडात कळायचे. धार सुरू होते, बादलीत फेस चढतो आणि अर्ध्यावर बोटांखाली सड ढिला पडतो. त्या वेळी मामंजी पारावर असायचे, त्यांना ते दिसणार कसं? २०१६ ला कार्ड आणि बँक खातं माझ्या नावावर झालं. पहिल्या पगारातून मी पेंड भरली, दुसऱ्यातून थोरलीच्या शाळेची फी. त्यानंतर आमच्या गाईंचं दूध पेंडीवाचून कधी उतरलं नाही.

२०२४ ला सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागं आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान दिलं. ते थेट खात्यावर आलं आणि त्याला कानात बारा अंकी बिल्ला लागत होता. शेजारच्या काकींच्या गाईचा बिल्ला दावणीला अडकून तुटला होता, त्यांनी तो परत मारला नव्हता. त्यांचे पैसे आले नाहीत. हे काम आजच करून घ्या.

आणखी एक. आमच्या भागातल्या एका संकलन केंद्रावर माझ्या दुधाला रोज संध्याकाळी ३.२ फॅट लागायची, दूध कसंही असो. एके दिवशी एकाच बादलीतलं दूध दोन बाटल्यांत भरलं, एक तिथं दिली आणि एक दुसऱ्या गावात. तिकडं ३.६ लागली. दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ठरतो, खाली गेलं की कापतात. मी केंद्र बदललं.

पशुधन_पर्यवेक्षक_निवृत्त
ताईंनी माजाचं सांगितलं ते अगदी बरोबर. मी संगमनेर-अकोले भागात नोकरी केली. माझा मुद्दा वैरणीचा. एका मोठ्या गाईला रोज २५ किलो हिरवा चारा धरा. दहा गाईंना वर्षाला ९० टनांच्या वर लागेल. मक्याचा माझा अनुभव एकरी १५ ते १८ टनांचा. तुमचं पाणी मार्चला संपतं, म्हणजे खरीप आणि रब्बी अशा दोनच फेऱ्या. दीड एकर मक्याला दिलं तर पन्नास टनांच्या आत-बाहेर, त्यातून पाच जनावरं निघतील. मका चिकात (दाणे कोवळे, दुधाळ) असताना कापून मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करा, तर एप्रिल-मे निभावेल. २०१९ तुम्ही पाहिलंच आहे.

गाय घ्यायची तर दुसऱ्या वेताची घ्या आणि संध्याकाळ, सकाळ, संध्याकाळ अशा तीन धारा स्वतः उभं राहून मोजा. आदल्या वेळची धार न काढता कास तुंबवून दाखवणारे भेटतात. सांसर्गिक गर्भपाताची रक्ततपासणी करून घ्या आणि आणलेली गाय २१ दिवस वेगळी बांधा. २०२२ च्या लम्पीत बाजारातून आणलेल्या एका जनावरानं अख्खी दावण आजारी पडलेली मी पाहिली आहे. लाळ्या खुरकुताची लस वर्षातून दोनदा, चुकवू नका.

कागलकर_म्हैसवाला
आमच्याकडं म्हशी. १९६३ ला कोल्हापूरचा गोकुळ दूध संघ झाला, तेव्हापासून गावोगावी दूध संस्था आहेत. दूध संस्थेला घालायचं आणि दिवाळीला वर्षभराच्या दुधावर फरक मिळतो. माझ्या आईनं त्या फरकावर दोन बहिणींची लग्नं केली. म्हशीचा दर ६ फॅट आणि ९ एसएनएफवर बसतो, पण म्हैस गाभणी दहा महिन्यांवर राहते आणि उन्हाळ्यात माज दाखवत नाही. माणच्या उन्हात मी म्हैस सुचवणार नाही. फक्त दूध कुठं घालणार, दूध घेणारा वर्षाअखेर किती परत देतो आणि मोजमाप तुमच्यासमोर होतं का, हे गाय घ्यायच्या आधी विचारा.

माणदेशी_पोरगा
सगळ्यांचे आभार. रात्री आईला फोन केला. कार्ड वडिलांच्या नावावर आहे, हे मला आजवर माहीतच नव्हतं. ते आईच्या नावावर करायला वडील तयार आहेत. नोकरी इतक्यात सोडत नाही. घरची कालवड चौदा महिन्यांची आहे, ती माजावर येते का ते बायको बघणार. दीड एकर मका टाकतो, मुरघास जमला तर दिवाळीनंतर दुसऱ्या वेताची एक गाय घेतो. ताई, तुमची वही बघायला आलो तर चालेल का? पानं कशी आखलीत ते बायकोला दाखवायचं आहे.

वहीवाली_फलटण
या की. रविवारी या, बायकोला आणि आईंना घेऊन. संध्याकाळच्या धारेच्या आत, पाचपर्यंत पोचा. तुमच्या गोठ्यातल्या चपला घालून येऊ नका, दारात चुन्याची पाटी ठेवलीय, तिच्यात पाय देऊन आत यायचं. कालवडीचं वजन डॉक्टरांकडून बघून घ्या. अडीचशे किलोच्या आत असेल तर माज आला तरी भरवू नका, पुढच्या माजाला थांबा. कोरी वही मी आणून ठेवते.