संक्रांतीच्या जेवणासाठी डाळिंबाचा मासा आणि हिरवी ज्वारी

विषय: संक्रांत स्नेहभोजन, मांसाहारी टेबल
प्रेषक: भोजन समिती

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या जेवणाचा हॉल ठरला आहे. तिथल्या स्वयंपाकघरात दोन मोठे ओव्हन आहेत, पण तळणाला परवानगी नाही. धूर झाला की लगेच अलार्म वाजतो. म्हणजे दरवर्षीचा रवा लावलेला तळलेला मासा यंदा होणार नाही. इथे अमेरिकेत सालमन चांगला आणि ताजा मिळतो. त्यावर संत्र्याच्या मार्मालेडचा ग्लेझ, म्हणजे चकचकीत लेप, आणि सोबत किन्वा हे बारीक परदेशी धान्य, असं माझ्या मनात आहे. कुणाला याहून आपलं काही सुचत असेल तर जरूर कळवा. काकू, तुम्ही सध्या सोलापुरात आहात, तरी तुमच्या उत्तराची वाट बघते.

– ताई

---

प्रेषक: काकू, सध्या मुक्काम सोलापूर

ताई,

तुझी मेल वाचली आणि दुपारी लक्ष्मी मंडईत जाऊन डाळिंबं घेऊन आले. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुललेल्या झाडांचा माल आलाय, फळं वजनदार आहेत. मार्मालेड नको. डाळिंब घे, आणि किन्वाच्या जागी ज्वारी. दोन्ही आपल्या जिल्ह्याची. सोलापूरचं डाळिंब आणि मंगळवेढ्याची ज्वारी, दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रसुद्धा इथे केगावातच आहे, २००५ पासून. अभिमान आहेच, पण मी सांगतेय ते चवीसाठी.

मार्मालेड म्हणजे आधीच साखरेत शिजवलेली वस्तू. माशावर ती गोडच गोड लागते. डाळिंबाचा रस आटवला की त्यात गोड, आंबट आणि किंचित तुरट अशा तिन्ही चवी दाट होतात. सालमन तेलकट मासा आहे, त्याचा तेलकटपणा ही तुरट चव बरोबर मारते. आणि किन्वा ग्लेझ पडला की गिचका होतो. ज्वारीचा दाणा अख्खा राहतो, माशावरून ओघळलेला रस वरून घेतो आणि तरी दाताखाली वेगळा लागतो. म्हणून ही जोडी.

आता रस. ताजा काढणार असशील तर डाळिंबाचा मुकुट कापायचा, सालीवर उभ्या धारा असतात त्यांवरून सुरीने वरवर चिरा द्यायच्या आणि पाण्याच्या पातेल्यात फळ बुडवून हाताने फोडायचं. दाणे तळाशी बसतात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो, तो काढून टाकायचा. हे मन लावून कर, कारण कडवटपणा सगळा सालीत आणि त्या पापुद्र्यात असतो. दाणे मिक्सरमधून दोनच झटके फिरवायचे, बिया भरडल्या तर रस कडू होतो. मग मलमलच्या फडक्यातून पिळून घे.

रस आटवायला स्टीलचं पातेलं घे. लोखंडी कढईत ठेवलास तर डाळिंबातलं तुरट द्रव्य लोखंडाला लागून रस काळपट पडतो आणि चवही बिघडते. साधारण किलोभर माशाला दोन कप रस धर. मध्यम आचेवर आटवत तो पाव ते एक तृतीयांश कप व्हायला हवा, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. शेवटी आल्याचा रस चमचाभर, ब्याडगी मिरचीची पूड अर्धा चमचा, मीठ आणि चिरलेला गूळ. चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ उभी राहिली पाहिजे. तिथे गॅस बंद. गार झाल्यावर तो काकवीसारखा दाट होतो, त्यामुळे पातेल्यात पातळ वाटला तरी आणखी आटवू नकोस.

गुळाचं माप मी मुद्दाम लिहिलं नाही, कारण ते रसावर आहे. इथला भगवा जातीचा दाणा गोड, आंबटपणा कमी. त्याला गूळ चिमूटभर आणि वर चिंचेचा कोळ किंवा लिंबू लागतं. तुमच्याकडे बाटलीत मिळणारा रस बहुतेक कॅलिफोर्नियाच्या वंडरफुल जातीचा असतो. ती बरीच आंबट, त्याला दोन कपांना दोन मोठे चमचे गूळ लागेल आणि चिंच अजिबात नको. चाखून ठरव. बाटलीवर ‘शंभर टक्के रस’ लिहिलेलं बघून घे, साखर घातलेलं पेय आटवलं तर नुसता पाक होतो.

माशाचं एकच सांगते, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ग्लेझ सुरुवातीला लावायचा नाही. त्यातली साखर मासा शिजण्याआधी करपते. आणि या रसात मासा मुरवत ठेवू नकोस, आंबटाने वरचा थर आधीच पांढरा आणि भुसभुशीत होतो. तुकडे पंधरा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेव, त्याने सालमनमधून जो पांढरा साका बाहेर येतो तो कमी येतो. मग कागदाने अगदी कोरडे टिपून तेल लाव आणि कातडीची बाजू खाली ठेवून दोनशे अंश सेल्सिअसला, म्हणजे तुमच्या चारशे फॅरनहाइटला, आठ मिनिटं. बाहेर काढून ब्रशने पहिला हात, दोन मिनिटं आत. दुसरा हात, वर पांढरे तीळ, पुन्हा दोन मिनिटं. संक्रांत आहे, तिळाशिवाय कसं चालेल? तुकडा इंचभर जाड असेल तर एवढ्यात होतो. थर्मामीटर असेल तर मधोमध ६३ अंश.

ज्वारीचं उद्या लिहिते. आजच भिजत घातली आहे.

– काकू

---

प्रेषक: दादा

काकू, ताई,

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी मालवणचा. माशाला गूळ हे मला पटत नाही. ताज्या माशाला हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला आंबट रस, पुरे. गोडाने माशाची स्वतःची चव झाकली जाते. आणि काकू, तुमच्याकडे नदीचा मासा. त्याचा हिशेब समुद्राच्या माशाला लागू पडेल का?

– दादा

---

प्रेषक: काकू, सध्या मुक्काम सोलापूर

दादा,

राग कसला! तुम्ही मासा खाऊन-खिलवून वाढलेले, तुमचं म्हणणं मी मनावर घेते.

समुद्र आमच्याकडे नाही, पण भीमा आहे आणि १९८० पासून उजनी धरण आहे. त्यातला कटला, रोहू, चिलापी, नशिबात असेल तर मरळ, हे आम्ही लहानपणापासून खातो. गोड्या पाण्याच्या माशाला कधी कधी मातकट वास असतो आणि तो आंबटाने जातो. म्हणून आमच्या घरी रश्शात चिंच कधी चुकत नाही. म्हणजे आंबट हवंच, इथे तुमचं-आमचं एकमत आहे. डाळिंबाचा आटवलेला रस हेच काम करतो. गूळ फक्त त्याची धार बोथट करायला. जेवताना गोड लागला तर प्रमाण चुकलं असं समजा.

काल मी कटल्यावर करून बघितला. यात्रेच्या दिवसांत आमच्या घरात मासे येत नाहीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची, म्हणजे संक्रांतीच्या यात्रेची तयारी गावात सुरू झालीय, तेव्हा त्याआधीच उरकायचं होतं. कोळिणीकडून पोटाकडचे जाड तुकडे मागून घेतले, तिथे तेल जास्त आणि काटे मोठे, सहज काढता येतात. इथे ओव्हन नाही. जाड तव्यावर कातडीकडून मंद आचेवर झाकण ठेवून शिजवला, उलटला, मग गॅस अगदी बारीक करून ग्लेझचे दोन हात दिले. कडेला ग्लेझ तव्यावर फसफसून गडद झाला आणि माशाला काचेसारखा चिकटला. घरात पहिला घास घेणाऱ्यांनी आधी ‘चिंच आहे का’ असं विचारलं. गोडाचं नाव कुणी घेतलं नाही.

तुमच्या आगळाला या पाककृतीत जागा आहे बरं का. भगव्याच्या रसाला आंबट लागतं तिथे मी चिंच घातली, तिथे आगळ जास्त शोभेल, रंगही टिकेल. फक्त आगळात मीठ असतं, ते धरून वरचं मीठ कमी करा.

आता ज्वारी. मी मालदांडी घेतली, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली. ही रब्बीची ज्वारी, पाऊस संपत आला की पेरतात आणि ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते, वरून पाणी जवळपास नाहीच. दाणा टपोरा, मोत्यासारखी झाक. तुमच्याकडे किराणा दुकानात अख्खी पांढरी ज्वारी मिळेल, अमेरिकन दुकानात तीच सोर्गम नावाने.

दोन कप ज्वारी धुऊन रात्रभर भिजव, ताई. कुकरमध्ये सहा कप पाणी आणि मीठ, एक शिट्टी झाली की मंद आचेवर अर्धा तास. वाफ आपोआप जाऊ दे. चाळणीत निथळ आणि खालचं पाणी टाकू नकोस, ताक आणि जिरेपूड घालून प्यायला फार छान लागतं. निथळलेली ज्वारी मोठ्या परातीत पसरून ठेव. ही पायरी गाळू नकोस. वाफ निघून गेली तरच दाणे मोकळे राहतात, ढीग करून ठेवले तर आपापल्या वाफेने चिकटतात.

मग तेलात जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. त्यावर ज्वारी दोन मिनिटं परत. गॅस बंद केल्यावर हिरवं घाल: कोथिंबीर भरपूर, पुदिना तिच्या निम्मा, कांद्याची पात आणि बारीक चिरलेला कोवळा शेपू. शेपू आपण मुगाच्या डाळीत घालतो, पण सालमनशी त्याचं इतकं जमतं की तुमच्या तिकडचे लोक पिढ्यान् पिढ्या तेच करत आलेत. शेवटी भाजलेल्या शेंगांचा भरड कूट. सोलापूरची शेंगाचटणी डब्यात असेल तर तीच वरून भुरभुरव, तिच्यातलं तेल आणि लसूण ज्वारीला लागू दे.

– काकू

---

प्रेषक: ताई

काकू,

काल घरी केलं. मासा अप्रतिम झाला, पोरांनी ताटातला ग्लेझ बोटाने पुसून खाल्ला. बाटलीचा रस, दोन चमचे गूळ, तुम्ही म्हणालात तसंच.

दोन प्रश्न आहेत. ज्वारी बाहेरून मऊ झाली, पण काही दाणे आत कचकचीत लागले. ती तशीच असते का? आणि लिंबू पिळून ठेवलं तर तासाभरात सगळं हिरवं शेवाळी-पिवळट पडलं. हॉलवर तर दोन तास आधी नेऊन ठेवावं लागेल.

– ताई

---

प्रेषक: काकू, सध्या मुक्काम सोलापूर

ताई,

दाणा चावून खायला लागावा, पण आत कोरडा पांढरा खडू राहता कामा नये. दाणा नखाने मधोमध फोडून बघ. आत पिठूळ पांढरा ठिपका दिसला तर आणखी दहा मिनिटं. जुनी, दुकानात वर्षभर पडलेली ज्वारी जास्त वेळ घेते. ती बारा तास भिजव.

लिंबू आधी पिळायचंच नाही. आंबटाने पाल्याचा हिरवा रंग जातो. ज्वारी आणि पाला वेगवेगळ्या डब्यांत ने. हॉलवर ज्वारी गरम करून घ्या, पाला आयत्या वेळी मिसळा आणि लिंबाच्या फोडी टेबलावर ठेवा, ज्याने त्याने पिळून घ्यावं.

माशाबद्दल मी थोडी कडक होणार आहे. घरून शिजवून नेऊ नका. टिपलेले तुकडे बर्फाच्या पेटीत, ग्लेझ बरणीत, आणि ओव्हनमध्ये घालायचं ते पंगत बसायच्या वीस मिनिटं आधी. शिजलेला मासा बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहायला नको, मंडळात लहान मुलं आणि आजी-आजोबा आहेत. एका ट्रेमध्ये तुकडे एकमेकांना टेकवू नका, नाहीतर ते भाजण्याऐवजी वाफेवर शिजतात.

शाकाहारी टेबलाला हाच ग्लेझ रताळ्याच्या जाड चकत्यांवर लावा. फारच सुरेख होतो. तो आधी वेगळ्या बरणीत काढून ठेवा, ब्रशही वेगळा.

– काकू

---

प्रेषक: दादा

काकू,

आज बांगड्यावर केला, डाळिंबाच्या रसात एक चमचा आगळ घालून, गूळ निम्मा. बायको म्हणाली, पुढच्या रविवारी परत कर. माझा विरोध मागे घेतो. आगळाची बाटली मी आणतो, पण तळलेल्या बांगड्याची जागा हा घेणार नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

– दादा

---

प्रेषक: भोजन समिती

ठरलं तर मग. सालमन समिती आणेल. रस आटवून आणायला चार घरं हवी आहेत, प्रत्येकी आठ कप, सगळे एकाच कंपनीचा रस घ्या म्हणजे गुळाचं माप एक राहील. आटवताना गूळ घालू नका, तो हॉलवर चाखून घालू, दादांचं आगळही तेव्हाच. ज्वारी भिजवायला तीन घरं. पाला निवडायला सकाळी लवकर येणाऱ्यांनी मला कळवा. शेंगाचटणी ज्यांच्याकडे सोलापूरहून आलेली आहे त्यांनी सांगा, विकतची नको. शाकाहारी बरणीवर हिरवी पट्टी चिकटवणार आहे, तिच्यात दुसरा ब्रश कुणी बुडवू नये.

– ताई