ड्रायव्हरच्या तासांची नोंद सक्तीची कराच, पण गाडी उभी असलेल्या तासांसकट

दहाचाकी_नगरकर

एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठनं लिहिलेलं सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतंय. दिवाळी संपली तसं भाडं पडलं, पगार वाढवला तरी ड्रायव्हर टिकत नाही, आणि अशा वेळी तासांच्या नोंदीचं मशीन गाडीत बसवायची भाषा चालली आहे, अशी त्यांची तक्रार. शेवटी म्हणतात, ड्रायव्हर आधीच आळशी झालेत, कायद्यानं त्यांना आणखी डोक्यावर चढवू नका.

भाडं पडलंय हे खरं, त्याबद्दल वाद नाही. पण 'आळशी' वाचल्यावर गप्प बसवेना.

आठ तासांचा नियम आजचा नाही हो शेठ. मोटर परिवहन कामगार कायदा १९६१चा आहे. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याला परवानगी काढून दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न. सलग पाच तास काम झालं की अर्धा तास विश्रांती. हे सगळं कागदावर होतं. पण कायदा लागू कुणाला होता, तर जिथे पाच किंवा जास्त कामगार होते त्याला. मग पन्नास गाड्यांचा मालकसुद्धा गाड्या बायको, भाऊ, मेव्हण्याच्या नावावर वाटून टाकतो आणि मोकळा होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता आल्या, हा कायदा त्यात गेला आणि पाचाचे दहा झाले. म्हणजे होते तेही सुटले.

आणि खरी मेख पुढेच आहे. त्या १९६१च्या कायद्यात कामाच्या तासांची जी व्याख्या होती, त्यात टर्मिनलवर नुसतं हजर राहून वाट बघायचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच कामात धरला होता. त्याच्या वर उभं राहिलात तर तो वेळ कामाच्या तासांत नाही. आपण कंपनीच्या गेटवर पंधरा मिनिटं उभे असतो का? सकाळी टोकन घ्यायचं, लायनीत गाडी लावायची, सिक्युरिटीचा फोन कधी येईल म्हणून झोपायचं नाही, पुढची गाडी सरकली की आपली सरकवायची. संध्याकाळी लोडिंग होतं, आणि तिथून शेठचा फोन सुरू: उद्या सकाळी माल पोचला पाहिजे. रात्रभर जो गाडी हाणतो तो आळशी?

मशीन लावा. पण चाक फिरतं तेवढंच मोजणारं मशीन नको. गेटच्या आत-बाहेर गाडी किती तास उभी होती तेही त्यात आलं पाहिजे, आणि त्याचे पैसे मिळाले पाहिजेत.

दोनगाड्या_पिंपळगाव

दादा, तुम्ही पगारी ड्रायव्हर आहात, म्हणून तुम्हाला हे सोपं वाटतंय. माझ्या दोन गाड्या आहेत, एक मी स्वतः चालवतो. मला मालक म्हणायचं की ड्रायव्हर?

भाड्याचं काय ते सांगतो. ८ डिसेंबर २०२३ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. न्हावा शेव्याला जाणारे आमचे कंटेनर एका दिवसात बसले. बंदी मे २०२४मध्ये उठली, तीही चाळीस टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडलं. तेवढ्या काळात फायनान्सवाल्यानं एक हप्ता तरी सोडला का? शेतकऱ्याचं नुकसान सगळ्यांनी छापलं, गाडीवाल्याचं कुणी विचारलंही नाही.

आता पिंपळगावहून कोलकात्याला कांदा भरून निघालो की माल गोणीत तापतो. ताडपत्री घट्ट बांधली तर आतून वाफ धरते, सैल सोडली तर पाऊस. एक दिवस उशीर झाला की खालच्या थरातल्या गोण्यांना पाणी सुटतं आणि व्यापारी भाड्यातून कापतो. दिवसाला आठ तास चालवून हा माल कसा पोचवू? मोठ्या कंपन्या दोन ड्रायव्हर बसवतील. मशीनच्या नियमानं आम्ही छोटे संपणार आणि आमची भाडी त्यांच्याकडे जाणार. हा नियम कुणाच्या फायद्याचा आहे ते आधी बघा.

सर्व्हेयर_पुणे

मी अपघाताच्या गाड्यांचे विम्याचे सर्व्हे करतो. पुण्यात नवले पुलावर नोव्हेंबर २०२२मध्ये एका ट्रकनं कितीतरी गाड्या उडवल्या, ते सगळ्यांना आठवत असेल. कात्रजच्या नवीन बोगद्यातून उतार लागला की डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, मग ब्रेक तापतात आणि लागत नाहीत. तिथे तासांची नोंद काय करणार? शिस्त पाहिजे. कापून काढलेली केबिन बघितली असती तर मालक विरुद्ध ड्रायव्हर असलं भांडण इथे झालंच नसतं.

दहाचाकी_नगरकर

साहेब, न्यूट्रल करणं चूकच. मी करत नाही आणि शेजारी बसलेल्याला करू देत नाही. पण डिझेल कुणासाठी वाचवतात? एव्हरेज कमी पडला की फरक ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापतात. तो कापणारा तुमच्या रिपोर्टमध्ये कधी येतो का?

अजून एक. ई-वे बिलाची, म्हणजे माल वाटेत असताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाची, मुदत २०२१पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस केली, आधी शंभरला होती. गेटवर दीड दिवस गाडी अडकली की बिल संपायला येतं. मुदत वाढवायचं काम ट्रान्सपोर्टरचं, पण रात्री कोण फोन उचलतो? पकडली तर कराच्या दुप्पट दंड. मग ड्रायव्हर पळवतो. मालाच्या कागदाला घड्याळ लावलं आहे, माणसाला लावलेलं नाही.

गोदामबाबू_चाकण

गेटवाल्यांना सगळेच झोडपतात, म्हणून बोलतो. मी गोदामात डिस्पॅच बघतो. गाडी सकाळी आठला मागवलेली असते, येते दुपारी दोनला. मग संध्याकाळी पाच गाड्या एकदम येतात. डॉक दोनच. कुणाच्या गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट संपलेलं, कुणाच्या लायसन्सचा पत्ता नाही, कुणी बूट न घालता आत येतो. सेफ्टीचे नियम मी केलेले नाहीत. आणि ड्रायव्हर सगळे साधू असल्यासारखं लिहू नका. वाटेत डिझेल विकणारे, सील तोडणारे मी स्वतः पकडले आहेत. माल उतरवायची वेळ आली की वाराईवरून, म्हणजे उतरवायच्या हमालीवरून, वाद घालत तासभर घालवतात आणि मग म्हणतात गाडी खोटी झाली.

रिकामी_परत

वाराईचं नाव काढलंत ते बरं केलंत! माल कंपनीचा, गोदाम व्यापाऱ्याचं, आणि उतरवायची हमाली ड्रायव्हरनं का द्यायची? भाडं ठरवताना कुणी बोलत नाही. पोचल्यावर 'वाराई आधी टाक, मग गाडी लावतो'. पावती मागितली की गाडी मागे घ्यायला लावतात. मी खिशातले पैसे देऊन कितीदा रिकामा परत आलोय. ज्याचा माल त्याचा हमाल, एवढीच तर मागणी आहे, किती वर्षं ओरडतोय आम्ही.

दोनगाड्या_पिंपळगाव

अगदी बरोबर. तासांचा नियम राहू द्या, आधी वाराई बंद करा. माझ्या भाड्यातला नफा तिथेच जातो.

गोदामबाबू_चाकण

वाराई भाड्यात धरलेली असते. मालकानं ड्रायव्हरला दिली नाही तर तो तुमचा आपसातला प्रश्न. कंपनीला चोर म्हणायचं कारण नाही.

रिकामी_परत

भाड्यात धरलेली असते? कुठल्या बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहिलेलं असतं दाखवा. एसीत बसून आम्हाला हिशोब शिकवू नका. तुमच्या दारात बूट नाही म्हणून परत पाठवतात, आणि तेच बूट समोरच्या टपरीवर भाड्यानं मिळतात. दुसऱ्याच्या घामानं ओले झालेले. ते घालून आत गेलोय मी. शौचालय विचारलं तर म्हणे स्टाफसाठी आहे. माणसात धरता का आम्हाला?

गोदामबाबू_चाकण

एसी ऑफिसात आहे, डॉकवर पत्रा तापतो आणि मी दिवसभर तिथेच उभा असतो. तोंड सांभाळून बोला.

माथाडी_घरातला

दोघंही जरा थांबा, कारण मध्ये आमचंच नाव खराब होतंय. माझ्या वडिलांनी आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली. अण्णासाहेब पाटलांनी लढून १९६९चा माथाडी कायदा मिळवला, तो यासाठीच की हमालाला मालकाच्या मेहेरबानीवर जगायला लागू नये. नोंदणी झालेल्या हमालाची मजुरी आणि वरची लेव्ही, म्हणजे त्याच्या फंड-बोनससाठीची टक्केवारी, मालवाल्यानं माथाडी मंडळात भरायची, आणि मंडळानं हमालाला द्यायची. ड्रायव्हरचा त्यात संबंधच नाही. ड्रायव्हरकडून रोख घेतात ती वाराई बिनपावतीची. त्यातलं किती हमालाच्या हातात पडतं आणि किती मुकादम व गोदामवाला खातात, ते विचारा. माथाडी लुटतात असं सरसकट लिहिलंत तर मी ऐकून घेणार नाही.

रिकामी_परत

तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण माझ्यासमोर हात पसरतो तो हमालच असतो, मंडळ नसतं. त्याला नाही म्हटलं की माल उतरत नाही. मी कुणावर राग काढू?

माथाडी_घरातला

ज्यानं त्या हमालाची मंडळात नोंद केली नाही त्याच्यावर. तुम्ही आणि तो हमाल, दोघांचे पैसे एकच माणूस वाचवतोय.

रिकामी_परत

हे पटतं. पण उद्या परत गाडी लावायची आहे, तेव्हा देणार मीच.

म्युनिकहून

वाराईत मूळ प्रश्न बुडाला. मी इथे जर्मनीत गोदामात काम करतो, रोज ट्रक बघतो. इथल्या टॅकोग्राफमध्ये, म्हणजे तासांच्या नोंदीच्या मशीनमध्ये, फक्त गाडी चालवणं मोजत नाहीत. चार वेगवेगळी चिन्हं असतात: चालवणं, इतर काम, वाट बघत हजर असणं आणि विश्रांती. साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबायचं, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा. नगरकर म्हणतात ते मशीन आधीपासून आहे, नवं शोधायला नको.

दोनगाड्या_पिंपळगाव

जर्मनीचं जर्मनीत. इथे थांबायचं म्हटलं तर थांबायचं कुठे? रस्त्याच्या कडेला लावली तर डिझेल चोरतात, नाहीतर ई-चलन येतं. जुलै २०२५मध्ये आम्ही गाड्या बंद ठेवल्या त्या ई-चलनासाठीच. समृद्धीवर सातशे किलोमीटर सरळ जा, जड गाडीला सुरक्षित झोपायला जागा किती मिळतात ते स्वतः बघा. आधी पार्किंग द्या, मग मशीन.

दहाचाकी_नगरकर

पार्किंगचं मान्य, शंभर टक्के. पण भाऊ, त्याच संपात क्लीनरची अट काढा ही पण मागणी होती. क्लीनर गेला म्हणजे रात्री डोळा लागला तर हाक मारणारंही कुणी नाही. तुमचा खर्च वाचला, माझ्या शेजारची सीट रिकामी झाली.

दोनगाड्या_पिंपळगाव

क्लीनर मिळतो कुठे आज? गावातलं पोरगं डिलिव्हरीच्या बाइकवर जातं, रोज रात्री घरी येतं. मी काय धरून आणू? मागणी चुकीची होती असं मी म्हणणार नाही.

सॅक्रामेंटोचा_भाऊ

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात ट्रक चालवतो. तिथे डिसेंबर २०१७पासून इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची आहे. दहा तास विश्रांतीनंतर चौदा तासांची खिडकी उघडते, त्यात अकरा तास चालवायचं. गोदामावर चार तास थांबवलं तर ते चार तास त्या चौदातूनच जातात. पैसे मिळतात मैलावर. थांबल्याचे मिळाले तर मिळाले, नाहीतर नाही. तो म्हणतो, मशीन आल्यावर मालकाला खोटी वही लिहायला सांगता येत नाही हा फायदा झाला, पण राहिलेल्या वेळात गाडी पळवायची घाई वाढली. एकदा मशीन लागलं म्हणजे ड्रायव्हर सुटला असं समजू नका.

दहाचाकी_नगरकर

मी वर जे म्हटलं ते याचसाठी. उभ्या तासांना किंमत नसेल तर मशीन ड्रायव्हरच्याच गळ्यात पडतं. तास मोजायचे तर थांबवणाऱ्याच्या खात्यावर टाका.

ड्रायव्हरच्या_घरून

एक बाई म्हणून बोलते, रागावू नका. जानेवारी २०२४मध्ये तुम्ही सगळे रस्त्यावर उतरलात, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(२), जीवघेणा अपघात करून न कळवता पळालं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात, पंपांवर रांगा लागल्या, आणि दोन दिवसांत सरकारनं चर्चेला बोलावलं. ते कलम अजूनही लागू केलेलं नाही. म्हणजे ठरवलं तर तुमचं ऐकतात. मग झोपेसाठी कधी गाड्या का बंद केल्या नाहीत? आमचे हे घरी येतात तेव्हा दोन दिवस नुसते झोपतात. पोरगी विचारते, बाबा आजारी आहेत का. भत्ता वाढवून घेता, पण झोपेचं कुणी मागतच नाही.

रिकामी_परत

ताई, झोप मागितली की शेठ दुसरा ड्रायव्हर बघतो. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोंड उघडता येत नाही.

दोनगाड्या_पिंपळगाव

उचल दिली नाही तर कुणी गाडीवर चढतही नाही, हेही लिहा.

बरं, ऐका. मशीन मला नको आहे, आजही नको. पण उभ्या तासांचे पैसे माल पाठवणाऱ्याकडून येणार असतील, आणि ते माझ्या बिलात लावता येणार असतील, तर मी स्वतःच्या खर्चानं बसवीन. फक्त चालवायचे तास कापणारं मशीन आणलंत तर पहिला विरोध माझा.

दहाचाकी_नगरकर

मशीनची वाट कशाला बघता? बिल्टीवर गेटमध्ये आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहायला सुरुवात करा. खाली गोदामाचा शिक्का आणि सही. वाराई घेतली तर तीही तिथेच लिहायची.

दोनगाड्या_पिंपळगाव

रकाना छापून घेतो, नवीन बिल्टी बुक तसंही टाकायचं आहे. पण सही कोण करणार? गोदामबाबू, तुम्ही कराल?

गोदामबाबू_चाकण

वेळेची सही करायला माझी हरकत नाही. गाडी उशिरा आली तर तीही वेळ त्यात येईल, मलाही ते हवंच आहे. वाराईच्या रकान्यावर मी सही करू शकत नाही, वरून विचारावं लागेल. विचारतो. हो म्हणतील असं वाटत नाही.

रिकामी_परत

वेळेची तरी करा.