मदत हवी आहे : घरातल्या घरात होणारी वृद्धांची उपेक्षा कायद्याच्या कोणत्या व्याख्येत बसते? (इंदूर)

नमस्कार.

माझी मावशी इंदूरला रामबागेत राहते. वय ७८, काका गेले, मूलबाळ नाही. काकांचा सख्खा पुतण्या आणि त्याचे कुटुंब तिच्यासोबत राहते. २०१८ साली तिने घर दानपत्राने पुतण्याच्या नावावर केले. तिला शेवटपर्यंत सांभाळण्याचा शब्द त्याने तेव्हा सगळ्यांसमोर दिला होता, पण रजिस्ट्रीच्या कागदात ‘प्रेम व आपुलकीपोटी’ एवढेच लिहिले आहे.

मावशीला कोणी मारत नाही, उपाशीही ठेवत नाही, आणि नेमके त्यामुळेच नातेवाइकांपैकी कोणी यात लक्ष घालायला तयार नाही. मी गेले तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्यांची महिन्यापूर्वी आणलेली पट्टी जवळजवळ भरलेली होती. श्रवणयंत्र सेल संपल्यामुळे कपाटावरच्या डबीत पडून होते. तिला ऐकू येत नाही म्हणून ती उत्तर देत नाही, आणि ती उत्तर देत नाही म्हणून ‘त्यांना आता काही समजत नाही’ असे आल्यागेल्याला सांगितले जाते. मोबाइल काढून घेतला आहे. कुटुंब निवृत्तिवेतनाचे पासबुक आणि एटीएम कार्ड पुतण्याकडे असते, आणि सगळे बाहेर गेले की दाराला बाहेरून कडी लागते. मी विचारले की ती ‘मला काही त्रास नाही गं’ म्हणते, मात्र तेवढ्यात खोलीत कोणी आले तर वाक्य अर्धेच सोडते.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा, ज्याला इथे कचेरीत सगळे भरण-पोषण कायदा म्हणतात, तो मी शक्य तितका लक्षपूर्वक वाचला. ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती, आणि निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय उपचार हे सारे येते. मूल नसलेल्या ज्येष्ठाचा जो सज्ञान वारस त्याची मालमत्ता ताब्यात ठेवून आहे किंवा पुढे मिळवणार आहे, तोही ‘नातेवाईक’ म्हणून बांधील आहे, त्यामुळे पुतण्या सुटत नाही असे मला वाटते. पण छळ किंवा उपेक्षा यांची व्याख्या मला त्या कायद्यात कुठेही सापडली नाही. कलम २४ मध्ये शिक्षा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परंतु ती वृद्धाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठेतरी सोडून जाणाऱ्याला. घरात ठेवूनच औषध, ऐकणे आणि पैसा यांपासून तोडणाऱ्याचे काय? जागतिक आरोग्य संघटना विश्वासाच्या नात्यात ‘आवश्यक ते न करणे’ यालाही दुर्व्यवहार म्हणते. आपल्या कायद्यात ती जागा कुठे आहे?

दुसरी अडचण अर्जाची आहे. ज्येष्ठ व्यक्ती असमर्थ असेल तर तिने अधिकृत केलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, असे कलम ५ म्हणते. जी घाबरून बोलतच नाही, तिच्याकडून अधिकारपत्र कसे घ्यावे? मला त्या घरात वाटा नको आहे, आणि वारस म्हणून माझा हक्कही नाही, हे आधीच स्पष्ट करते. ज्यांनी एसडीएमसमोर (उपविभागीय दंडाधिकारी, जे या कायद्याचे अधिकरण चालवतात) असे प्रकरण चालवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

ताई, तुमचे वाचन बरोबर आहे, पण तुम्ही एकाच कायद्यात शोधत आहात. मावशी स्त्री आहेत आणि एकत्र कुटुंबात राहतात, म्हणून २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा पाहावा. तो फक्त सुनांसाठी आहे हा समज चुकीचा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये कृतीबरोबर कृतीचा अभावही येतो, आरोग्य धोक्यात घालणे येते, आणि हक्काच्या पैशापासून वंचित ठेवणे हा आर्थिक छळ म्हणून स्वतंत्रपणे सांगितलेला आहे. तुम्ही वर्णन केलेले जवळजवळ सर्व त्यात बसते. कलम ४ नुसार असे घडत असल्याचे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) कळवू शकते, सद्भावनेने कळवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, आणि कलम १२ चा अर्ज पीडितेच्या वतीने दुसऱ्याला करता येतो.

२००७ च्या कायद्यातही अधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकते. मंगळवारच्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक) कलेक्टर कार्यालयात लेखी निवेदन द्या आणि कलम ५ अन्वये स्वतःहून दखल घेण्याची विनंती त्यात स्पष्ट शब्दांत करा. निर्वाहाची रक्कम महिना १०,००० रुपयांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. ती मर्यादा काढण्याचे २०१९ चे विधेयक कायदा झाले नाही.

दानपत्राबाबत फार आशा धरू नका. सांभाळण्याची अट घालून दिलेले दान ती अट मोडल्यास २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली रद्द होते, पण अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातील छतरपूरच्या आईचे दानपत्र त्याच न्यायालयाने रद्द ठरवले, मात्र तिथे सेवेचा उल्लेख कागदात होता. त्या वेळचे एखादे पत्र, वचनपत्र, काहीही लेखी मिळते का, ते शोधा.

धागाकर्ती

मनापासून आभार. कलम ४ बद्दल मला माहीत नव्हते. संरक्षण अधिकाऱ्याकडे या आठवड्यातच लेखी देते आणि पट्टीवरची औषधाची तारीख दिसेल असा फोटो सोबत जोडते. अजून एक विचारायचे आहे. अधिकारी घरी आले आणि मावशी पुतण्यासमोर पुन्हा ‘त्रास नाही’ म्हणाली, तर तिचे म्हणणे एकांतात, श्रवणयंत्र चालू करून नोंदवले जावे अशी मागणी अर्जातच करता येते का? सेल मी स्वतः घेऊन जाईन.