अनुभव धागा : पेट-सीटीला जाण्याआधी

खान्देशातून नाशिक, मुंबई किंवा सुरतेला पेट-सीटीसाठी (बहुधा कर्करोगाच्या गाठी शोधणारा स्कॅन) गेल्यावर तयारीतली चूक टेबलाशी कळते. भाडंही जातं, दिवसही जातो. ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी नेमकं लिहा. धीर नको, कृती हवी.

रेडिओग्राफर, जळगाव
सगळी गोम साखरेत आहे. शिरेतून एफडीजी देतात, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेलं ग्लुकोज. जिथल्या पेशी साखर ओढतात तिथे ते साठतं आणि चित्रात चमकतं. पोटात अन्न असलं की इन्सुलिन वाढतं, औषध स्नायूंत शिरतं, गाठ फिकी पडते. म्हणून किमान 6 तास उपाशी. साधं पाणी भरपूर प्या. चहा, लिमलेटची गोळी, खोकल्याचं गोड औषध, काही नको. डेक्स्ट्रोजचं, म्हणजे साखरेचं, सलाइन चालू असेल तर आधी सांगा.

फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांना निम्मं होतं. गाडी दोन तास लेट म्हणजे तुमच्या नावाचा अर्धा डोस हवेत. सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा, भो.

आहार पाहणारी, भुसावळ
उपाशी आणि उपवास यांत घोळ होतो. उपवास म्हणून साबुदाणा खाऊन येतात. तो तर निव्वळ स्टार्च! आदल्या दिवशी भात, पोळी, कळण्याची भाकरी, केळी, बटाटा, गूळ बंद. वांग्याचं भरीत चालेल, भाकरीशिवाय. (खान्देशी माणसाला ही शिक्षाच आहे, ठाऊक आहे.) सोबत अंडी, पनीर किंवा चिकन घ्या.

नर्स, धुळे
मधुमेह असेल तर हे नीट वाचा. रक्तातली साखर साधारण 200 च्या आत लागते, नाहीतर पुढची तारीख देतात. त्या भीतीने निघताना इन्सुलिन टोचून येऊ नका. साखर उतरते खरी, पण एफडीजी स्नायूंत जातं आणि चित्र तितकंच बिघडतं. झटपट इन्सुलिन आणि एफडीजी यांत निदान 4 तास हवेत. मेटफॉर्मिनने आतडी चमकतात, म्हणून ती गोळी बहुधा 48 तास थांबवतात. पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच. काँट्रास्ट (सीटीचं चित्र स्पष्ट करणारं औषध) द्यायचा असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट मागतात.

एफडीजीच्या इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं. बोललं की स्वरयंत्राचे स्नायू चमकतात, तंबाखू चघळली की जबड्याचे. थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी चमकते, तेव्हा मे महिन्यातही शाल न्या. खोलीत एसी असतो. आदले 24 तास पाण्याच्या कळशा, शेतातलं जड काम, सायकल बंद. मशीनवर जाण्याआधी लघवी करून या, भरलेलं मूत्राशय आजूबाजूचं झाकतं. खुद्द स्कॅन 15 ते 30 मिनिटांचा.

फाइल लावणारा, नंदुरबार
रिपोर्टचा कागद पुरत नाही, जुन्या स्कॅनची सीडी न्या. बायोप्सी, ऑपरेशनची आणि शेवटच्या केमोची तारीख एका चिठ्ठीवर लिहा. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन झालं असेल तर तेही, कारण त्याने हाडांचा मगज चमकतो. लस कोणत्या दंडात घेतली तेही. काखेतली गाठ त्यामुळे फुगते.

टीबी आणि जंतुसंसर्गही चमकतो, तेव्हा रिपोर्टात 'अपटेक' (म्हणजे तिथे एफडीजी साठलं) दिसलं की घरीच निदान करू नका. मेंदू, मूत्रपिंड, मूत्राशय तर सगळ्यांचेच चमकतात.

पुन्हा रेडिओग्राफर
'फुल बॉडी' हे नाव फसवं आहे. नेहमीचा स्कॅन कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंतच असतो. दुखणं पोटरीत किंवा पावलात असेल तर टेबलावर चढण्याआधी सांगा. घरी परतल्यावर तो दिवस गरोदर बाई आणि तान्ह्या बाळापासून लांब बसा, आणि संडासात पाणी दोनदा टाका.