साताऱ्यात तुतारीला मत म्हणजे नक्की कुणाला मत?

लेथवाला_ओगलेवाडी

नमस्कार मंडळी. कराडजवळ ओगलेवाडीला माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. गुऱ्हाळाच्या चरकाचे शाफ्ट, बुश, असली कामं. प्रश्न इथं विचारतोय कारण दुकानात विचारला की गिऱ्हाईक तुटतं.

७ मे २०२४ ला आमचं लोकसभेचं मतदान. शरद पवारांच्या पक्षाचे, तुतारीवाले शशिकांत शिंदे आणि भाजपचे उदयनराजे, दोघांनाही आम्ही पुरते ओळखून आहोत, त्यांच्याबद्दल विचारत नाही. विचारतोय पवारसाहेबांबद्दल, कारण प्रचाराला येणारा प्रत्येक जण "साहेबांकडं बघून मत द्या" एवढंच बोलतो.

आमच्या घरानं २००९, २०१४ आणि २०१९ ला राष्ट्रवादीच्या घड्याळाचं बटण दाबून राजेंना दिल्लीला पाठवलं. मग राजे भाजपमध्ये गेले, २०१९ च्याच ऑक्टोबरात पोटनिवडणूक लागली आणि आम्ही तेच घड्याळ दाबून त्यांना पाडलं, श्रीनिवास पाटील निवडून आले. आता घड्याळ अजितदादांकडं, आणि घड्याळवाले राजेंच्या कमळासाठी दारोदार फिरतायत. आम्ही आपले जागच्या जागी आहोत!

वडील ८६ वर्षांचे. यशवंतराव चव्हाणांची भाषणं समोर बसून ऐकलेली. जुलै २०२३ ला पक्ष फुटला आणि दुसऱ्याच दिवशी साहेब प्रीतिसंगमावर समाधीला आले, तेव्हा वडील सकाळी सकाळी मला म्हणाले, "गाडी काढ." त्या गर्दीत त्यांच्या काखेत हात घालून उभा होतो, चष्मा कुठं पडला ते कळलंसुद्धा नाही. त्यांचं मत ठरलेलं आहे.

बायकोचं माहेर सांगली. सासरे वसंतदादांच्या पठडीतले. पवारांचं नाव निघालं की १९७८ निघतं, आणि १९७८ निघालं की जेवण लांबतं.

माझी अडचण दोघांपेक्षा वेगळी. टोकाला न जाणारा, सगळ्यांशी बोलणारा नेता मला पटतो. किल्लारीचा भूकंप, विद्यापीठाचा नामविस्तार, २००८ ची कर्जमाफी, कामाचा माणूस आहे यात वाद नाही. पण मधोमध उभं राहणाऱ्याला दोन्ही दारं सारखीच जवळ. १९९९ ला सोनिया गांधींच्या मुद्द्यावर काँग्रेस सोडली आणि त्याच वर्षी काँग्रेसबरोबर राज्यात सरकार केलं. २०१४ ला विधानसभेच्या निकालादिवशीच भाजपला बाहेरून पाठिंबा जाहीर. बेरजेचं राजकारण म्हणतात ते ठीक आहे, पण हातचा कुणाकडं राहतो?

४ जूनच्या निकालानंतर माझं मत कुठं जाऊन बसेल, हे कुणी छातीठोक सांगू शकेल का? शिवीगाळ नको, कारणं सांगा.

आलेवाला_कोरेगाव

दादा, १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्याच्या सभेला मी होतो. पाऊस आला तशा लोकांनी प्लास्टिकच्या खुर्च्या उलट्या करून डोक्यावर घेतल्या. माझ्या पुढच्या माणसाच्या खुर्चीचं पाणी थेट माझ्या मानेवर. त्या सभेचा फोटो सगळ्यांकडं आहे, पण ते बोलले काय ते फार थोड्यांना आठवतं. लोकसभेला उमेदवार निवडताना माझी चूक झाली, हे त्यांनी भर सभेत कबूल केलं होतं. ती चूक कोण, ते साताऱ्याला सांगायला नको.

तरी पावसाकडं बघून मत देऊ नका. २ जुलै २०२३ कडं बघून द्या. जायचंच असतं तर त्या दिवशी गाडी दारात उभी होती. पुतण्या गेला, जवळचे गेले, पुढं नाव गेलं, चिन्ह गेलं. ८३ व्या वर्षी हा माणूस थांबला. आधीच्या उड्या मोजताय तर हे थांबणंही मोजा.

आणि डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली, लगोलग कांद्याची निर्यात बंद केली. तेव्हा साहेब चांदवडला रस्त्यावर बसले. तुमची गिऱ्हाइकं ऊसवालीच ना?

गावभाग_सांगली

वहिनींच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, आमच्याकडंही जेवण लांबतं.

बाहेरच्यांना वाटतं सांगलीकर उगाच जुनं उगाळतात. १९७८ ला पवार वसंतदादांच्या मंत्रिमंडळात मंत्री, अधिवेशन चालू, आणि आमदार घेऊन बाहेर पडून ३८ व्या वर्षी स्वतः मुख्यमंत्री. बरोबर घेतला जनता पक्ष, ज्यात जुने जनसंघवालेही होते. म्हणजे हे दोन्हीकडं दार ठेवणं आजचं नाही. ज्यांना त्यात शहाणपण दिसतं त्यांनी द्यावं मत. १९९४ चं महिला धोरण त्यांनीच आणलं, हेही मी विसरत नाही.

पण भाऊ, तुम्ही नेत्याचं मन ओळखायला बघताय, ते त्यांच्या घरच्यांनाही जमलं नाही. कायदा बघा. निवडून आलेला खासदार एकटा पक्ष सोडून गेला तर खासदारकी जाते. पण दोन तृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर वाचते. हा पक्ष राज्यात लढवतोय १० जागा. त्यातल्या येतील किती, आणि त्यांचे दोन तृतीयांश किती, तुम्हीच हिशेब करा. लहान पक्षाला मत देताना भीती असेल तर ती ही. साहेब कुठं जातील यापेक्षा साहेबांच्या माघारी उमेदवार कुठं जाईल ते विचारा.

आमच्याकडची गंमत तुम्हाला माहीत आहेच. आघाडीनं जागा दिली ठाकरेंच्या शिवसेनेला, उमेदवार पैलवान चंद्रहार पाटील, आणि वसंतदादांचा नातू विशाल पाटील अपक्ष, लिफाफा घेऊन. माझं मत लिफाफ्यात.

म्हसवडकर

आमचा तालुका सातारा जिल्ह्यात पण लोकसभेला माढ्यात. २००९ ला साहेब स्वतः इथून निवडून गेले, देशाचे कृषिमंत्री. २०१२-१३ च्या दुष्काळात आमची जनावरं छावणीत होती आणि आई तिथंच त्यांच्याजवळ झोपायची. मध्यममार्ग बिध्यममार्ग आम्हाला सांगू नका, कॅनॉलला पाणी कधी ते सांगा. जो टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूरची तारीख देईल तो आमचा.

(तारखा सगळेच देतात म्हणा.)

शाहूनगर_०७

देशाची निवडणूक आहे. १० जागा लढवणाऱ्यांचा पंतप्रधान होत नाही. मोदी हवेत की नकोत एवढं ठरवा, बाकी चर्चा चहाच्या टपरीवर. आणि राजे आमच्यासाठी पक्षाच्या वर आहेत, गादी आहे ती. कमळ.

लेथवाला_ओगलेवाडी

सगळ्यांचे आभार. शाहूनगरवाले, तुमचं उत्तर सगळ्यात सोपं आहे हे मान्य, पण १० जागावाल्यांनीच दिल्लीतली सरकारं टेकू देऊन उभी केलेली आणि टेकू काढून पाडलेलीही आपण बघितली आहेत.

कोरेगावकर, जुलैचा मुद्दा बिनतोड. सासऱ्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "थांबला कारण तिकडं पुतण्या आधीच बसला होता." आता यावर काय बोलणार.

गावभागच्या ताईंचं मात्र डोक्यात बसलं. मी चुकीच्या माणसाची झडती घेत होतो. साहेबांचं साठ वर्षांचं राजकारण सगळ्यांपुढं आहे, त्यात नवीन काही कळायचं नाही. विचारायचं ते शिंदेंना: निवडून आलात, आणि साहेब नसताना बाकीचे खासदार उठून निघाले, तर तुम्ही बसून राहाल का? परवा आमच्या चौकात कोपरासभा आहे, चिठ्ठी लिहून देणार. राजेंची सभा लागली तर त्यांनाही चिठ्ठी, प्रश्न वेगळा: चार महिन्यांत राजीनामा दिला होतात, या वेळी पाच वर्षं राहणार ना?

दरम्यान एक काम करा, ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी. वडिलांना घरून मतदानाचा फॉर्म आला होता, ८५ च्या वरच्यांना मिळतो तो, पण ते म्हणाले केंद्रावरच जाणार. आता यंत्रावर पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस आहे, आणि एका अपक्षाचं नुसतं वाद्य, त्यालाही तुतारीच म्हणतात. मोतीबिंदूच्या डोळ्याला दोन्ही सारखीच. मी चिन्हाचा कागद मोठा करून झेरॉक्स काढून आणलाय. तुम्ही कुणालाही मत द्या, पण घरच्यांना यंत्रावरचा नंबर पाठ करून घ्या.