वर्तुळं काढून सूर लागतो का?

कोथरूडचा कोडर: काल इथे एकाने पोस्ट टाकली, ‘रिअल-टाइम ऑडिओ म्हणजे निव्वळ गुणाकार-बेरीज, वर्तुळं काढणं परीक्षेपुरतं.’ वाचून डोकंच फिरलं. ४८००० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८००० आकडे) ४४० हर्ट्‌झचा सूर हवा? वर्तुळावरचा एक बिंदू दर सॅम्पलला ३.३ अंश फिरवा, त्याची उंची हाच आवाजाचा आकडा. चार गुणाकार, दोन बेरजा, संपलं. राउंडिंगमुळे बिंदू वर्तुळाच्या आत घसरला की सूर विझतो, बाहेर गेला की फुगतो. अधूनमधून कान धरून परत वर्तुळावर आणायचा. नुसत्या आकड्यांत हे दिसलं असतं?

सदाशिवपेठी: ‘एकाने’ म्हणजे मीच. बारा वर्षं प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारे जोड-प्रोग्रॅम, लिहितोय. ६४ सॅम्पलचा बफर (एका वेळी हाती येणारा तुकडा) म्हणजे १.३३ मिलिसेकंद, तेवढ्यात काम उरकलं नाही की स्पीकर कडकडतो. प्रोसेसरला भूमिती कळत नाही हो.

कोथरूडचा कोडर: लिहिणाऱ्याला कळावी! एका हॉलसाठी रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, लिहिला होता. आवाज उशिरा परत देणाऱ्या चार डिले लाइन, मध्ये त्यांना एकमेकींत मिसळणारी हॅडामार्ड मॅट्रिक्स, अधिक-उणे एकांचा तक्ता. दोनने भागायला विसरलो. आवाज न वाढवता नुसती फिरवायची ती मॅट्रिक्स दर फेरीला आवाज दुप्पट करत बसली. निवेदिकाबाईंचं ‘हॅलो’ विझेचना, वाढतच गेलं. पहिली रांग कानांवर हात ठेवून बाहेर.

खर्ज: ते राहू द्या. इलेक्ट्रॉनिक पेटीतले तंबोरे तुम्हीच लोक लिहिता ना? शिष्यांचे कान बिघडवलेत. तारेला झणकार देणारा जवारीचा दोरा केसभर सरकवून बघितलाय कधी?

सदाशिवपेठी: इथे तंबोरा कुठून आला?

तिसरा मजला: आमच्या वरून येतो. रोज पहाटे पाचला. पेटीतलाच.

खर्ज: खरा असता तर तक्रार केली नसतीत.

तिसरा मजला: खरा असता तर निदान लावणारा दमला असता.

कोथरूडचा कोडर: खर्जताई, तुम्ही माझ्याच बाजूच्या निघालात. तार जिथे छेडाल तिथे ज्या स्वरांशाचा (सुरात मिसळलेल्या वरच्या सुराचा) स्थिर बिंदू असतो, तो स्वरांश वाजायला नको. तंबोऱ्यात वाजतो, हे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच मांडलंय. कारण तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा किंचित गोल, तार त्यावर टेकत-सुटत हलते. ही भूमितीच की!

खर्ज: मिरजेच्या कारागिरांना हे रामनांआधी ठाऊक होतं. कानसीनं घासून, कानानं ऐकून. तुमच्या बाजूला मला धरू नका.

सदाशिवपेठी: बरं बाबा, घोडी गोल. तुझा बिंदूही फिरू दे गोल. पण मींड घेतली, सूर घसरत दुसऱ्या सुरावर नेला, की कोन दर सॅम्पलला बदलणार, साइन-कोसाइन पुन्हा काढणार. तिथे आधीच काढून ठेवलेल्या आकड्यांचं टेबलच परवडतं.

कोथरूडचा कोडर: मींडेपुरतं टेबल. मान्य. मींडेपुरतंच.

खर्ज: मींड. टेबलातून. चालू द्या तुमचं.